सावडीची फेड

वरचं खाचर भरल्याशिवाय पाणी खालच्यात उतरत नाही. म्हणून टेपवाडीत भाताची लावणी नेहमी डोंगराकडून सुरू व्हायची आणि ओढ्याकाठी येऊन संपायची. आधी रहमतबीची खाचरं, मग साळूबाईची आणि सगळ्यात शेवटी फुलाबाईची. शेवटचं शेत असण्यात एक अडचण होती. सगळ्यांच्या शेतात वाकून झालं की आपली पाळी येणार, आणि तोवर कुणी ना कुणी गळालेलं असणार.

यंदा रहमतबी गळाली.

फुलाबाई रोप उपटत बसली होती. रहमतबी बांधावरून घाईघाईनं आली. हातात पिशवी, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद.

"फुला, म्या भोरला निघाले गं. सुनंला, गुलफशाला दवाखान्यात नेलंय. अल्ताफचा फोन आला, अम्मी आत्ताच्या आत्ता ये म्हणून."

"दिस भरलं व्हतं व्हय?"

"कुठलं भरलं! तेच तर." रहमतबी चिखलाकडे बघत उभी राहिली. "तुजी सावड माज्या अंगावर ऱ्हायली. माजं झालं आन् तुजं तसंच."

"जा तू. पोर आन् बाळ सुखरूप हूं दे. सावड काय पळून जाती व्हय?"

रहमतबी विंझरच्या एसटीसाठी उताराला लागली. फुलाबाईनं रोपाची मूठ बांधली आणि मागं टाकली. रोपाचे शेंडे पिवळे पडायला लागले होते. लावायचे दिवस उलटून चालले होते.

सावडीचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. तू माझ्या शेतात एक दिवस, मी तुझ्या शेतात एक दिवस. पैसा मध्ये आणायचा नाही. पूर्वी प्रत्येक आळीची सावड वेगळी असायची. वरच्या आळीत मराठ्यांची, खाली ओढ्याकडे बौद्धवस्तीची. मुलाण्यांची दोन घरं वरच्या सावडीच्या कडेकडेनं असत. खालच्या वस्तीतलं माणूस वरच्या शेतात गेलंच तर रोजानं जाई, आणि संध्याकाळी रोजाचा पैसा त्याच्या ओंजळीत वरून टाकला जाई. फुलाबाईच्या सासूनं तो झेलला होता. लग्न होऊन आल्यावर पहिली काही वर्षं फुलाबाईनंही झेलला होता.

मग माणसं जायला लागली. कुणी पुण्याला, कुणी हायवेच्या कंपन्यांत. वरच्या आळीतली घरं एकेक करून कुलपं लावून बसली. मध्यंतरी घरं मोजायला माणसं आली, तीही त्या बंद दारांवर खडूनं आकडे टाकून गेली. लावणीला उरल्या तिन्हीकडच्या मिळून तीन म्हाताऱ्या, आणि त्यांचीच एक सावड झाली. ती कुणी ठरवून केली नव्हती. जिनं फुलाबाईच्या सासूला कधी जवळ उभं केलं नाही, ती साळूबाई आता फुलाबाईच्या फडक्यातली चटणी न विचारता उचलून भाकरीला लावत होती. "तुज्या हाताला तिखटाचा अंदाजच न्हाई, फुले," असंही वर म्हणत होती.

घरी तिचा नवरा, कोंडिबा, अंगणात बाजेवर पालथा पडला होता. कंबरेत चमक भरल्यापासून त्याला वाकता येत नव्हतं. उभं राहता यायचं, काठी टेकत चालताही यायचं.

"रहमतबी गेली," फुलाबाई म्हणाली.

"मग?"

"मग काय? म्या आन् साळूआक्का."

"दोघींनी व्हतंय व्हय? परवा चिखलणी झाली. चिखल बसाया लागला. एकदा घट झाला की बोट शिरत न्हाई. तो टिलरवाला काय परत येत न्हाई."

फुलाबाईला हे सगळं माहीत होतं. मजूर आणावेत तर त्यांचे टेम्पो हायवेच्या अंगाला मोठ्या शेतांकडे वळत. टेपवाडीच्या चिंचोळ्या खाचरांसाठी एवढा घाट कोण चढणार?

आणि खाचर मोकळं ठेवायची तिला मुभा नव्हती. बंटी, तिचा मुलगा, शिवऱ्याजवळच्या गोदामात कामाला होता. लग्न ठरत नव्हतं. मुलीकडचे आधी विचारत, खोली स्वतःची आहे का? गेल्या दिवाळीत तो जमीन विकायची गोष्ट घेऊन आला, तेव्हा फुलाबाईनंच त्याला शब्द दिला होता. जोवर मी लावते, तोवर तोंडातून काढायचं नाही. ज्या साली खाचर पडीक राहील, त्या साली मी अंगठा देईन.

आता त्या शब्दानंच तिला धरलं होतं.

दुपारी दोघी खाचरात उतरत होत्या, तेवढ्यात चिमाजी मोटारसायकलवरून आला. पुण्याच्या लोकांना जमिनी दाखवायचं काम तो करी. गाडी बंद न करताच त्यानं रस्त्यावरून हाक मारली.

"मावशे, यंदा पाणी नुसतंच ठिवलंय व्हय खाचरात? बदकं पाळताय काय?"

"तुला कशाला चौकशी?"

"चौकशी न्हाई. काळजी! ओढ्याकाठची जागा लोकांना लई आवडती. पाण्याचा आवाज येतो म्हणं."

"आमाला बी येतो. फुकाट येतो. जा पुढं."

तो हसत निघून गेला. साळूबाई चिखलात उभी होती. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मेला! माज्या दिराची जमीन ह्यानंच घालवली. रखमाजी भावजींनी सही केली आन् पुण्याला गेलं. आता त्या जागंत गवत लावलंय. गवत! आमी जल्मभर उपटत आलो, आन् हे पैसं देऊन लावत्यात."

रखमाजीच्या जमिनीवरचा बंगला ओढ्याच्या पलीकडे दिसत होता. मालक शनिवार-रविवारी यायचे. एरवी तिथं राखणीला एक बंगाली जोडपं आणि त्यांची लहान मुलगी सोनिया राहायची. सोनिया वाडीच्या शाळेत जायची. शाळेत बाकीची मुलंही बरीचशी अशीच, बंगल्यांच्या राखणदारांची होती. ती सगळी आता टेपवाडीचीच बोली बोलायची.

सोनियाची आई, शेफाली, तारेच्या कुंपणाला धरून उभी होती. तशी ती रोजच उभी असायची. त्या दिवशी मात्र ती खाली आली. साडी गुडघ्यापर्यंत खोचून सरळ चिखलात उतरली. एक मूठ सोडली, डाव्या तळहातावर धरली आणि मागे मागे सरकत लावायला लागली. तिचा उजवा हात नुसता वरखाली होत होता. फुलाबाई आणि साळूबाई हात थांबवून बघत राहिल्या. ओळ कुठं वाकडी नव्हती की रोप कुठं तरंगत नव्हतं.

"कुठं शिकलीस गं?" फुलाबाईनं विचारलं.

"घरी. आमच्याकडे सगळा हाच," शेफाली म्हणाली. तिचं मराठी सोनियाकडून शिकलेलं होतं. "मावशी, मी करते? मला आवडतो. तिकडे बसून बसून हात दुखते."

साळूबाईनं फुलाबाईला कोपरानं ढोसलं. "कोण, कुठली, काय माहीत हाय का तुला? आन् मालक तिला रोजानं जाऊ दील व्हय?"

शेफालीला तेवढं कळलं. "पैसा नको. साहेबनं सांगितला, दुसरीकडे कामाला गेलं तर काढून टाकणार."

फुलाबाईनं विचार केला. फुकट राबवून घेणं तिला पटणारं नव्हतं. फुकट राबणं काय असतं, ते तिच्या घरात दोन पिढ्यांना माहीत होतं.

"पैशाचं कामच न्हाई," ती म्हणाली. "आमी सावडीनं घेतो. तू मला जेवढं दिस दिशील, तेवढं म्या तुला दीन."

"माझा शेत कुठे आहे, मावशी?"

"शेत नसंना. आसंल ते काम करीन. भांडी घाशीन."

शेफाली हसली. साळूबाई पुटपुटली, "घ्या. सावड आता बंगालपातूर गेली."

तीन दिवस तिघी वाकलेल्या होत्या. नवरा बाजाराला नाहीतर बागेत असला की शेफाली सकाळीच यायची, सोनिया शाळेतून परतली की थेट बांधावर यायची. कोंडिबा काठीच्या आधारानं बांधावर उभा राहून रोपाच्या मुठी फेकायचा. पावसाची सर आली की पाठीवर कागद वाजायचा आणि बोलणं ऐकू यायचं नाही. सर थांबली की साळूबाईची जीभ सुरू व्हायची.

"कोंडिबा, मूठ टाकतोस का दगड मारतोस? त्वांडावर आली की!"

"तुमीच मधी आला, साळूआक्का."

"म्या मधी आले? माजं शेत आसतं तर तुला बांधावर चढू दिलं नसतं."

"म्हणून तर तुमी माज्या शेतात हाय," कोंडिबा म्हणाला, आणि साळूबाईच पहिली हसली.

दुपारी तिघींनी एकाच फडक्यावर भाकरी खाल्ली. शेफालीनं आणलेला भात साळूबाईनं पहिल्या दिवशी नको म्हटला. दुसऱ्या दिवशी चव बघितली. तिसऱ्या दिवशी विचारलं, "ह्यात मोहरी वाटून घालतीस व्हय?"

तिसऱ्या दिवशी अंधारायच्या आत शेवटची ओळ लागली. फुलाबाईला सरळ उभं राहता येईना. पायाच्या बोटांत चिखल्या होऊन कातडं पांढरं पडलं होतं, पाय टेकला की आग व्हायची. तरी ती बांधावर उभी राहिली. हिरव्या टोकांचं खाचर पाण्यात थरथरत होतं. तिनं बंटीला फोन लावला.

"झाली रं लावणी."

पलीकडून तो नुसतं "बरं," म्हणाला.

शनिवारी सकाळी शेफाली वस्तीत आली. साहेबांचे पाहुणे येणार होते, पुष्कळ माणसं, एकटीनं निभणार नव्हतं. फुलाबाईनं पायांना हळद-तेल लावलं, धुवट लुगडं नेसली आणि निघाली.

"कशाला जातीस?" कोंडिबा म्हणाला. "भांडी घासाया?"

"सावड फेडाया."

दिवसभर ती बंगल्याच्या मागच्या नळावर होती. साबणाचं पाणी चिखल्यांना झोंबत होतं. मटणाची तेलकट ताटं संपत नव्हती. काही आणायला स्वयंपाकघरात गेली की पांढऱ्या फरशीवर तिच्या पायांचे ठसे उमटायचे, आणि शेफाली मागून फडकं घेऊन ते पुसत यायची. एका पाहुणीनं मोबाईल वर धरून विचारलं, "आजी, एक फोटो काढू? तुमचं लुगडं किती छान आहे!" फुलाबाईला काय करावं कळेना. ती हातावरच्या फेसासकट उभी राहिली.

रविवारी दुपारी पाहुणे पांगले, तेव्हा म्याडम मागच्या दारी आल्या. बाई बोलायला गोड होत्या.

"शेफाली, या मावशी कोण? दोन दिवस बघतेय, किती काम करतायत."

शेफालीनं मान खाली घालून पुढचं ताट घासायला घेतलं. फुलाबाईला वाटलं, पोरीला मराठी सुचत नसेल. ती लुगड्याला हात पुसत पुढे झाली.

"म्या हितलीच, बाई. खालचं खाचर आमचं."

"अच्छा! मग तुमचे किती द्यायचे?"

"पैसं न्हाई घ्यायचं. सावड हाय आमची."

"म्हणजे काय?"

फुलाबाईला बरं वाटलं. एवढ्या मोठ्या घरातली बाई विचारत होती. लहान मुलाला सांगावं तसं तिनं नीट, सावकाश सांगितलं. एकमेकींच्या शेतात कसं जायचं, दिवसाला दिवस कसा फेडायचा, पैशाची गोष्ट कशी निघत नाही. "हिनं तीन दिस माज्या खाचरात लावणी केली. लई गुणाची पोरगी. सकाळच्याला यायची ती दिस मावळंपातूर वाकलेली. आमच्या वाडीत असा हात कुणाचा न्हाई. म्हणून म्या तिचं तीन दिस फेडतीया."

"तीन दिवस ही तुमच्या शेतात होती? दिवसभर?"

"दिसभर, बाई. पाऊस म्हणली न्हाई, काय म्हणली न्हाई."

म्याडमनी शेफालीकडे बघितलं. नळ वाहत होता. शेफालीचा हात ताटावर थांबला होता. तेव्हा कुठं फुलाबाईच्या लक्षात आलं.

"बाई, तिनं पैसा न्हाई घेतला. एक पैसा न्हाई."

"हो, हो. कळलं मला," म्याडम म्हणाल्या आणि आत गेल्या.

संध्याकाळी साहेब स्वतः वस्तीत उतरले. कोंडिबानं खुर्ची पुसून दिली. फुलाबाई आत चहा टाकत होती. कुडाच्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं.

"तीन दिवस बंगला वाऱ्यावर सोडून बाई शेतात. नवरा तर विचारल्यावर सरळ खोटं बोलला. आणि बाहेरची माणसं, कागदपत्रांची सारखी कटकट. गावातलं माणूस असलेलं बरं. तुम्ही दोघं या. खोली आहे, लाइट आहे, महिन्याला पगार. तुम्हाला वाकायचं काम नाही, फाटकाशी बसायचं. अट एकच, दुसरीकडं कामाला जायचं नाही."

फुलाबाई चहा घेऊन बाहेर आली. "सायेब, चूक माजी हाय. तिला ठिवा. तिचं मन न्हाई वाईट."

"तुमची कसली चूक? तुम्ही तर खरं सांगितलंत," साहेब म्हणाले. त्यांनी चहाचा एक घोट घेतला आणि कप बाजेच्या कडेला ठेवला. "त्यांना मी सांगितलंय. चार दिवसांत खोली रिकामी करतील. तुम्ही नाही म्हणालात तर दुसरं कुणी बघीन."

"न्हाई कशाला म्हणू, सायेब," कोंडिबा म्हणाला. "येतो की."

साहेब गेल्यावर फुलाबाई त्याच्यासमोर उभी राहिली.

"मला इचारलं का तुमी?"

"काय इचारायचं? जल्मात कधी महिन्याच्या महिन्याला पैसा आला का ह्या घरात?"

"आन् खाचर? दुसरीकडं जायचं न्हाई म्हणला त्यो. आपल्या खाचरात बी न्हाई. तुमाला कळतंय का?"

"मग तू नको म्हण. म्हण की नको! ती पोरगी ऱ्हाती व्हय त्यानं? तो दुसरं आणंल. आन् फुडल्या साली लावाया तुज्या बरोबर कोण यील? रहमतबी नातवाला सोडून यील? साळूआक्का जगंल का मरंल?" त्याचा आवाज खाली आला. "आगं, मला बसून काम दिलंय. ह्या कमरंला कोण देतंय?"

फुलाबाईनं दोन्ही वाटा मनात चालून बघितल्या. हो म्हटलं तर पुढल्या वर्षी खाचर पडीक. नाही म्हटलं तरी पडीकच. दोन्ही वाटा बंटीच्या कागदावरच्या अंगठ्याशी जाऊन थांबत होत्या. फक्त एका वाटेत शेफालीची खोली तिच्या माथी येत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं साळूबाईला सांगितलं. साळूबाई पडवीत तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"तुला नको आसंल तर मला सांग," ती म्हणाली. "म्या जाते. माज्या सासऱ्याचं खळं व्हतं तिथं, त्या फाटकापाशी. म्या तिथं मळणी केलीय. आता झाडीन."

"आसं नका बोलू, आक्का."

"मग कसं बोलू? तू कशी बोललीस त्या बाईफुडं? सारं उघडं केलंस. सावड ही काय त्यांना सांगायची चीज हाय?"

फुलाबाई उठून घरी आली. कोंडिबानं दिलेला होकार तिनं मोडला नाही.

खोली रिकामी करायच्या दिवशी ती सकाळीच बंगल्यावर गेली. शेफाली भांडी पोत्यात भरत होती. शिवऱ्याजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात तिच्या नवऱ्याला काम मिळालं होतं. सोनिया दप्तर पाठीला लावून पायरीवर बसली होती. शाळेतल्या बाईंनी दिलेली पाटी तिनं मांडीवर घट्ट धरली होती.

"मावशी, तू का बोलली?" शेफालीनं वर न बघता विचारलं.

"मला वाटलं, पैशाच्या कामालाच मनाई हाय. सावडीचं कोण मोजतंय?" फुलाबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. "एक दिस ऱ्हायलाय तुजा माज्याकडं. त्यो द्याया आले."

"नको मला."

"नको म्हणून भागत न्हाई, बाये. त्यो तुजा हाय."

शेफाली पोत्याचं तोंड आवळत राहिली. दोरी दोनदा सुटली. शेवटी तिनं कोपऱ्यातल्या खराट्याकडे बोट केलं.

दोघी दुपारपर्यंत काम करत होत्या. फुलाबाईनं भिंतींवरची जळमटं काढली, मोरी घासली, चुलीचा धूर बसलेला कोपरा पुसला. आपण उद्या इथंच झोपणार आहोत, हे ती मनात येऊ देत नव्हती. खोली रिकामी होईपर्यंत मागं राहिलेल्या म्याडम एकदा वरच्या गॅलरीतून म्हणाल्या, "वा मावशी, आजपासूनच सुरुवात?"

"न्हाई, बाई," फुलाबाई मान वर न करता म्हणाली. "आज म्या शेफालीच्या कामाला हाय."

टेम्पो आला. सामान चढलं. सोनिया पुढं बसली, नवरा मागं पोत्यांवर चढला. शेफाली चढणार तोच ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. फाटकातून कोंडिबा आत येत होता. उद्या यायचं ठरलं असताना आजच आला होता. एका हातात काठी, खांद्यावर अंथरुणाची वळकटी, डोक्याला धुतलेला फेटा. चढानं त्याचं तोंड काळंनिळं झालं होतं. टेम्पोला जागा द्यायला तो बाजूला सरला, आणि कंबरेत कळ आली तसा काठीवर वाकून तिथंच थांबला. वळकटी खांद्यावरून घसरायला लागली.

फुलाबाई धावली. पण शेफाली जवळ होती. तिनं वळकटी खाली पडायच्या आत धरली, आपल्या खांद्यावर घेतली आणि मुकाट्यानं खोलीकडे चालायला लागली.

"आगं ठिव. ठिव ती हितंच," फुलाबाई मागून ओरडली. "तू नको उचलू. शेफाली, आगं नको!"

शेफाली आत गेली. ओल्या फरशीवरून कोरड्या कोपऱ्यात जाऊन तिनं वळकटी भिंतीशी नीट टेकवून ठेवली आणि बाहेर आली. फुलाबाईजवळून जाताना तिनं क्षणभर तिच्या दंडाला हात लावला. मग टेम्पोत चढली.

टेम्पो ओढ्यावरच्या मोरीवरून पलीकडे गेला आणि विंझरच्या उताराला लागला. आवाज येईनासा झाला, तरी फुलाबाई रस्त्याकडेच बघत होती. मागं कोंडिबा फाटकाशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला होता.

"काय बघतीस?" तो म्हणाला. "गेली ती."

"व्हय," फुलाबाई म्हणाली. "आन् आता हे कुठं जाऊन फेडायचं, तेवढं सांगा मला."